देणे, अब्रू आणि हिशेब



कोणी आपल्या अडीअडचणीला धावून आला तर आपण म्हणतो, "मी आपला ऋणी आहे." फारच मोठा उपकार असला तर म्हणतो, "या जन्मी उतराई होणार नाही." ऋण हा शब्द असा आहे की तो सावकाराच्या पेढीवर चालतो, देवघरात चालतो आणि सत्कार-समारंभातही चालतो. मनुष्य जन्माला येतो तोच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे डोक्यावर घेऊन येतो, असे आपले जुने ग्रंथ सांगतात. हा काही आपल्याच भाषेचा विशेष आहे असे नव्हे. जर्मन भाषेत 'शुल्ड' हा एकच शब्द दोष आणि देणे या दोन्ही अर्थांनी वापरतात. म्हणजे पैशाचे देणे आणि मनाला लागलेली टोचणी या दोन गोष्टी माणसाने फार पूर्वीपासून एकमेकींत गुंतवून ठेवल्या आहेत.

ही गुंतवण चांगली की वाईट? या प्रश्नाकडे मी वळलो तो एका विद्यार्थ्यामुळे. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. एकदा 1875 सालचे दख्खनचे दंगे शिकवत होतो. शंभर रुपये कर्ज घेतलेल्या कुळाकडून सावकाराने हजारो रुपये कसे वसूल केले ते सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, शेतकऱ्याचाच, उठून म्हणाला, "सर, शंभराचे हजार होईपर्यंत या लोकांनी हिशेब का नाही मागितला?" मी म्हटले, "अरे, निरक्षर होते बिचारे." तो म्हणाला, "सर, माझा आजा पण अंगठेबहाद्दर होता. पण बैलबाजारात त्याला एका पैशाला कोणी फसवू शकले नाही."

तास संपला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. त्याचे उत्तर शोधताना मला जे सापडले ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी जुनी रीत काय होती ती पाहू. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, हे आपल्या धर्मशास्त्राने पुत्राचे कर्तव्य मानले. मुलाने ते व्याजासह फेडावे, नातवाने निदान मुद्दल तरी फेडावे, असे स्मृतिकारांनी सांगितले. कर्ज बुडवून मेलेल्या बापाला परलोकात गती नाही, ही त्यामागची समजूत. पण त्याच शास्त्राने त्याला कुंपणही घातले होते, आणि ते आपण सोयीस्करपणे विसरतो. बापाने दारूसाठी, जुगारासाठी, बाहेरख्यालीपणासाठी केलेले कर्ज फेडण्यास मुलगा बांधलेला नाही, असे शास्त्रकारांनी स्वच्छ सांगून ठेवले आहे. म्हणजे 'हे कर्ज कशाचे?' असे विचारण्याचा अधिकार शास्त्रानेच मुलाला दिला होता.

दुसरे कुंपण सावकारासाठी होते. त्याला दामदुपटीचा नियम म्हणतात. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिले असतील तर व्याज कितीही वर्षांचे थकले तरी एकूण मागणी दोनशेच्या वर जायची नाही. यातही 'किती?' असे विचारण्याची सोय होती.

तिसरे कुंपण गावाचे. जुन्या काळी सावकार गावातच राही. कुळ बुडाले तर सावकारही बुडाला. त्याच्या मागे फौज नव्हती, दूरचे न्यायालय नव्हते. वसुली करायची ती गावाच्या, पाटलाच्या, पंचांच्या देखत. जमीन सहजासहजी विकून घेता येत नसे. दुष्काळ पडला तर त्याला थांबावे लागे, बियाण्याला धान्य द्यावे लागे. तो काळ म्हणजे सत्ययुग होता असे मी म्हणत नाही. जुलूम तेव्हाही होता. पण बंधन दोन्ही बाजूंना होते. कुळाने देणे मानायचे आणि सावकाराने वेळ पाहायची, असा तो व्यवहार होता.

आता इंग्रजी अमलात काय झाले पाहा. 1818 साली पेशवाई गेली. पुढच्या काही दशकांत नवा सारा आला, नवी न्यायालये आली, नवे कायदे आले. नव्या न्यायालयापुढे गावाची रीत चालेना, तेथे कागद चाले. खत पुढे ठेवले, खाली कुळाची निशाणी दिसली की काम झाले. निरक्षर कुणबी सहीच्या जागी नांगराचे चिन्ह काढी. ज्या नांगराने पोट भरायचे, त्याच नांगराच्या चित्राखाली जमीन जाऊ लागली.

1859 साली मुदतीचा कायदा झाला. कर्जाच्या खताला तीन वर्षांची मुदत ठरली. सावकाराने वर्षानुवर्षे व्याज चढवत बसू नये, असा त्यातला हेतू सांगितला जातो. हेतू बरा होता. परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार कुळाला बोलावी आणि नवे खत लिहून घेई. जुने मुद्दल आणि त्यावर चढलेले व्याज मिळून नव्या खतातले मुद्दल होई.

शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. समजा, 100 रुपये घेतले आणि व्याज महिना शेकडा 2 रुपये. तीन वर्षांचे व्याज 72 रुपये. नवे खत 172 रुपयांचे. आणखी तीन वर्षांनी ते सुमारे 296 चे होते. नऊ वर्षांनी 509 चे आणि बारा वर्षांनी 875 चे. मध्ये एक पैसाही नवा घेतलेला नाही. दामदुपटीच्या नियमाने ही मागणी 200 च्या वर जायला नको होती. पण दर तीन वर्षांनी व्याजालाच मुद्दलाची टोपी घातली, की नियम कागदावर जिवंत आणि व्यवहारात मेलेला. हे माझे कल्पित उदाहरण झाले. पुढे सरकारी चौकशी झाली तेव्हा 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 रुपयांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरणही उघडकीस आले.

त्यातच परिस्थितीने घाव घातला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या खेड्यांत कापसाच्या एकरामागे 100 रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. कुळ मागेल आणि सावकार देईल, अशी स्थिती. 1865 साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. उचल थांबली, खते मात्र राहिली. वर 1867 सालापासून शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि कित्येक गावांचा सारा दीडपट-दुप्पट झाला. पीक येवो न येवो, सारा रोख भरायचा. रोख पैसा कोणाकडे? सावकाराकडे. म्हणजे पुन्हा त्याच्याच ओट्यावर.

अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, कर्जत तालुक्यात मिरजगाव आहे. तिथल्या रयतेने कलेक्टरकडे केलेला अर्ज सरकारी कागदपत्रांत आहे. घरखर्च भागत नाही म्हणून सावकारापुढे पैशासाठी, कापडासाठी, धान्यासाठी हात पसरावे लागतात. रोखीने घेणाऱ्याला जो भाव, त्यापेक्षा कितीतरी चढा भाव आम्हाला लावतात. शेतातला माल घेऊन जातात आणि पावती देत नाहीत, असा त्यातला आशय आहे. आता हे लोक मूर्ख होते असे कोण म्हणेल? आपल्याला कुठे आणि कसे लुबाडले जाते, हे त्यांना मुद्देसूद सांगता येत होते. मग माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न उरतोच. इतके कळत होते तर दर तीन वर्षांनी नव्या खतावर नांगर का काढून देत होते?

गरज होती, हे पहिले उत्तर. उद्याचे बियाणे त्याच सावकाराकडून आणायचे होते. निरक्षरता होती, हे दुसरे. न्यायालय दूर, वकील महाग, हे तिसरे. ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. पण माझ्या मते चौथेही एक उत्तर आहे, आणि ते कुळाच्या मनात आहे.

त्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्या. 1866 साली मुंबई सरकारने एक कायदा केला. तोपर्यंत मुंबई इलाख्यात बापाच्या आणि आजाच्या कर्जाला मुलगा-नातू जातीने जबाबदार धरला जाई, मग वारशात त्याला फुटकी कवडी मिळालेली नसली तरी. 1866 च्या कायद्याने सांगितले की वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली असेल तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. केवढी मोठी सुटका! पण नऊ वर्षांनी चौकशी झाली तेव्हा दख्खनच्या कुळांच्या डोक्यावरचा एक मोठा भार वाडवडिलांच्या कर्जाचाच होता. मुलगे बापाचे देणे स्वतःच्या नावाने नव्या खतावर लिहून देतच होते. आणि एकदा स्वतःच्या नावाने लिहून दिले की ते बापाचे कर्ज राहतच नाही, आपलेच होते. कायद्याने उघडलेल्या दारातून फार थोडे बाहेर पडले.

का बरे? पुष्कळांना कायदा ठाऊक नसेल, हे खरे. पण ठाऊक असता तरी काय झाले असते? कल्पना करा. बाप जाऊन तेरा दिवस झाले आहेत. सावकार ओट्यावर येऊन बसला आहे. तो शिवी देत नाही, धमकी देत नाही. तो एवढेच म्हणतो, "तुझा बाप शब्दाचा पक्का होता हो." आता त्या मुलाने काय म्हणावे? "हिशेब दाखवा" म्हणावे, तर बापाच्या शब्दावर संशय घेतल्यासारखे होते. "मी बांधलेला नाही" म्हणावे, तर चार लोकांत तोंड कसे दाखवावे? तो नांगर काढून देतो, आणि वर त्याला बरेही वाटते, की आपण बापाचे नाव राखले.

पाहिलेत? इथे माणूस विचार करत नाही असे नव्हे. तो विचार करतो, पण 'मी चांगला मुलगा आहे की नाही' याचा. 'किती घेतले, किती फेडले, किती उरले' हा विचार त्याच्या डोक्यात शिरायलाच जागा उरत नाही. बैलबाजारात तोच माणूस दात मोजून, चालवून, दहा खोडी काढून बैल घेतो, कारण तिथे त्याची अब्रू पणाला लागलेली नसते. तिथे तो मोकळ्या मनाने पाहतो. देण्याच्या बाबतीत त्याची नजर खाली गेलेली असते, आणि खाली गेलेल्या नजरेला हिशेबाची वही दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या आजाचे कोडे मला असे सुटले.

न्यायालयातही हेच दिसते. त्या काळी सावकारांनी लावलेल्या दाव्यांत बहुसंख्य हुकूमनामे एकतर्फी झाले. प्रतिवादी कुळ हजरच नाही. खर्च, अंतर, भीती ही कारणे होतीच. पण ज्याने स्वतःच्या मनात स्वतःला आधीच दोषी ठरवले आहे, तो न्यायाधीशापुढे कशाला जाईल? त्याचा निकाल घरीच लागलेला असतो.

आता या आत्मदोषाची दुसरी बाजू पाहा. त्या काळचे पुष्कळ साहेब, आणि आपलेही शिकलेले लोक, म्हणत असत की कुणबी उधळ्या आहे. लग्नात, सणावारात पैसा उडवतो आणि कर्जात बुडतो. आणि कुणबी तरी काय म्हणत असेल? "पोरीच्या लग्नात हात सैल सोडला, म्हणून ही वेळ आली. आपलेच कर्म." वरच्याने ठेवलेला दोष खालच्याने पदरात घेतला की वाद मिटतो. मग सारा किती वाढला, कापसाचा भाव का पडला, खतात व्याजाचे मुद्दल कसे झाले, हे कोणी विचारत नाही.

पण दंग्यांनंतर नेमलेल्या सरकारी कमिशनने प्रत्यक्ष हिशेब तपासले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे त्यांना आढळले. अन्नधान्य, बी-बियाणे, बैल आणि सरकारचा सारा यांसाठी पुन्हा पुन्हा घ्यावी लागणारी लहान लहान रक्कम, हीच साठत साठत मोठी होत होती. एखाद्या लग्नापेक्षा तिचाच भार अधिक होता. लग्न लक्षात राहते, कारण तिथे वाजंत्री वाजते. दर पावसाळ्यात उसने आणलेले बियाणे कोणाच्या लक्षात राहते? माणूस स्वतःचा न्याय करायला बसला म्हणजे ठळक दिसणारी चूक हाती धरतो आणि सावकाश पोखरणारे कारण सोडून देतो. हे कमिशन शेतकऱ्याच्या बाजूचे होते असे नव्हे. सरकारच्या साऱ्याला दोष देण्याचे त्याने टाळले आणि मुख्य ठपका सावकारावर ठेवला. तरीही आकडे बोलले. ज्या गावांची पाहणी झाली तिथे सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले होते आणि त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या 18 पट होते. तिघांतला एक माणूस बुडत असेल, तर ती काही एकट्या-दुकट्याची उधळपट्टी नव्हे. विहिरीचेच पाणी खारट असेल तर घागरीला दोष देऊन काय उपयोग?

मग हे मन बदलले केव्हा? 1874 च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने देशमुखावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडायला निघाला. देशमुख म्हणजे गावातला मानाचा माणूस. त्याचे घर पडणार म्हणताच गावाला कळले की ही एकाची नामुष्की नाही. आज याचे, उद्या आपले. गाव एक झाले. बाहेरून आलेल्या सावकारांचे काम कोणी करायचे नाही, असे ठरले. न्हावी जाईना, पाणक्या पाणी भरीना, घरगडी मिळेना. अखेर त्यांना गाव सोडावे लागले. बॉयकॉट हा शब्द आयर्लंडातल्या ज्या प्रकरणावरून जगभर गेला ते 1880 सालचे. आमचे करडे त्याच्या सहा वर्षे आधीचे.

माझ्या मते या गोष्टीचे मर्म इथेच आहे. जोवर प्रत्येक जण आपापल्या घरात बसून 'माझे देणे, माझा दोष' म्हणत होता, तोवर कोणालाच काही दिसत नव्हते. चार जणांनी चार खते शेजारी शेजारी ठेवली तेव्हा कळले की लबाडी चारही खतांत एकाच जागी आहे.

पुढे 12 मे 1875. त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातले, आज बारामती तालुक्यात असलेले सुपे गाव. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून लोक जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दुकाने लुटली, काही जाळली. पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की लोकांची मुख्य मागणी होती खतांची आणि वह्यांची. सुप्याहून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले. बहुतेक ठिकाणी सावकाराने कागद मुकाट्याने दिले की लोक ते जाळून परत जात, आणि नाही दिले तर दंगल होई. माणसांचे मुडदे पडल्याचे या दंग्यांत दिसत नाही. लष्कर आले, नऊशेहून अधिक लोक पकडले गेले, पुष्कळांना शिक्षा झाल्या. जाळपोळीचे समर्थन मी करत नाही. शिवाय सगळे सावकार एका माळेचे मणी नव्हते. पण या लोकांचा राग कशावर होता ते नीट पाहा. तो कागदावर होता.

आणि त्या दिवसांत गावोगाव एक आवई उठली होती. कोणा एका साहेबाची मालमत्ता मारवाड्याने जप्त करवली, साहेबाने विलायतेला राणीकडे दाद मागितली, आणि राणीचा हुकूम सुटला आहे की मारवाड्यांनी सगळी खते परत द्यावीत! आपण हसतो. पण मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. हजारो माणसे कागद जाळायला निघाली, पण तेही कोणाच्या तरी परवानगीने. 'आपण देणे बुडवत नाही. वरच्या धन्याने आपल्याला मोकळे केले आहे' असे मनाशी म्हणता यावे, यासाठी त्यांनी राणीचा हुकूम कल्पनेने निर्माण केला. देण्याचे बंधन मनावर केवढे घट्ट असले पाहिजे, याची ही खूण आहे. बंडाला उठलेला माणूससुद्धा आपल्या बंडाची माफी आधीच मागून ठेवत होता.

सरकारला जाग आली. 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. खत गावच्या सरकारी नोंदणी-कारकुनापुढे लिहावे असे ठरले, समेट घडवणारे लवाद नेमले गेले. पण त्यातले सर्वांत मोठे कलम मला वेगळेच वाटते. न्यायालयाने केवळ खत पाहून हुकूमनामा द्यायचा नाही, तर खताच्या मागे जाऊन कर्जाची पहिल्यापासून हकीकत विचारायची. मूळ किती दिले? किती परत आले? व्याज किती धरले? म्हणजे जो प्रश्न कुळाच्या ओठांवर येऊन लाजेने परत फिरत होता, तो आता न्यायाधीशाने विचारायचा होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1880 नंतरच्या दशकात या कायद्याखालच्या कामात खास न्यायाधीश म्हणून गावोगाव फिरून लक्ष घातले. कायद्याने सगळे दुःख गेले नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेण्याची वाट काढली. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा शेतकरी उपाशीच होता. तरी एक पाऊल पुढे पडले. हिशेब मागणे म्हणजे बेइमानी नव्हे, हे कायद्याने कबूल केले.

इथे कोणी वडीलधारे म्हणतील, "प्राध्यापक, तुम्ही लोकांना कर्ज बुडवायला शिकवता की काय?" नाही हो, मुळीच नाही. घेतलेले परत करावे ही बुद्धी गेली तर गावगाडा एक दिवस चालणार नाही. शेजाऱ्याने दिलेले पायलीभर ज्वारीचे बी परत करताना आपण शिगोशीग भरून देतो, ते काही कायद्याच्या भीतीने नव्हे. ही भावना म्हणजे आपले मोठे धन आहे. म्हणूनच तिचा गैरफायदा कोणी घेऊ नये, असे वाटते. देण्याची जाणीव माणसाला ताठ मानेने हिशेबाला बसवत असेल तर ती जाणीव खरी. ती जर त्याला हिशेबापासून पळवत असेल, तर तिच्यात कुठे तरी भीती मिसळली आहे असे समजावे.

आणि देण्याचे बंधन एकाच बाजूचे नसते, हेही आपल्याच परंपरेने सांगून ठेवले आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, देवघेव होती. दुष्काळात सगळे होरपळल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेली आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली, असे परंपरा सांगते. सुप्याच्या लोकांनी कागद जाळले, तुकोबांनी बुडवले. फरक एवढाच की इथे येणे असलेल्याने स्वतःचाही न्याय केला. माझे येणे आहे, पण ते मागण्याची ही वेळ आहे काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. धनकोने असे स्वतःला विचारणे हेही ऋणाच्या धर्मातच बसते.

ही सगळी जुनी कहाणी आज का सांगायची? कायदे तर आता पुष्कळ झाले. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने, त्यापुढच्या कर्जापुरते तरी, केवळ धर्मकर्तव्य म्हणून बापाचे कर्ज मुला-नातवांकडून वसूल करण्याचा हक्क न्यायालयाने मानू नये असे ठरले आहे. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. पण 1866 च्या कायद्याचे काय झाले ते आपण पाहिले. कायद्याचे दार उघडे असले तरी मनाची कडी आतून लागलेली असते.

विदर्भात, मराठवाड्यात गेल्या काही दशकांत कर्जापायी किती घरांतला कर्ता माणूस गेला, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातल्या प्रत्येकाची कारणे वेगळी होती, आणि दुरून कोणाच्या मनाचा निवाडा करू नये. पण ओट्यावर बसून बोलताना आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पाऊस पडला नाही, भाव पडला, बोंडअळीने पीक नेले, आणि माणूस म्हणतो, "मीच कमी पडलो." बँकेचा माणूस दारात आला की तो घराच्या मागच्या दाराने शेतात जातो. बायकोला आकडा सांगत नाही, भावाला सांगत नाही. दीडशे वर्षांपूर्वीची ती खाली गेलेली नजर अजून आपल्या गावांतून गेलेली नाही. आणि आपणही पारावर बसून सहज बोलून जातो, "लग्नात कमी खर्च करायचा होता." त्या एका वाक्याने आपण त्याची नजर आणखी खाली नेतो.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना माझी विनंती आहे. दख्खनचे दंगे शिकवाल तेव्हा सनावळीबरोबर ते तीन-तीन वर्षांच्या खताचे गणितही मुलांकडून करून घ्या. घरी जाऊन ती मुले आपल्या बापाला विचारतील, "आबा, आपले किती घेतले, किती फेडले, किती उरले?" आबा आधी रागावतील. रागावू द्या. पण मुलाने विचारले, त्याच्या वहीत आकडे मांडले, तर जे एकट्याच्या छातीवर होते ते घराच्या चटईवर येईल. चटईवर आलेल्या गोष्टीला चार डोकी लागतात, मार्ग निघतो. आणि ज्यांच्या शेजारी असा घुम्या झालेला माणूस असेल, त्यांनी त्याला उपदेश करू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे कागद हाती घ्यावेत आणि म्हणावे, "चल, आपण दोघे मिळून बेरीज करू."

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. म्हटले, "तुझा आजा बैल पाहत होता, म्हणून फसला नाही. सुप्याचा कुणबी स्वतःलाच पाहत होता, म्हणून फसला." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, ते व्याजाचे गणित पुन्हा एकदा फळ्यावर लिहा. घरी दाखवायचे आहे."

मी लिहिले.